संगणकातून वगळलेला बब्रुवान

आमच्या भूम गावच्या कचेरीत बब्रुवान एकोणीस वर्षं दारावर आहे. कंत्राटी पहारेकरी. कचेरी कुठली ते सांगत नाही. मी तिथंच कारकून आहे आणि निवृत्तीला चार वर्षं बाकी आहेत.

बब्रुवानकडं शस्त्र म्हणाल तर एक काठी, तीही चपला सारायला. मागं आम्ही गुळगुळीत फरशी बसवली, तेव्हापासून चपला काढल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नाही. 'चपला काढू नयेत' अशी पाटी लावली, तर लोक पाटीखाली चपला काढू लागले. बब्रुवान काठीनं जोड लावतो आणि आत किती माणसं आहेत ते चपला बघून सांगतो. साहेबांना त्याचं कधी कौतुक वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

यंदा सुरक्षेचा आराखडा करायला पुण्याच्या कंपनीकडून निकिता आली. मूळची शेजारच्याच परंड्याची, म्हणून बब्रुवानला 'मामा' म्हणायची. तिनं भिंती, दारं, जिना मोजून आख्खी कचेरी लॅपटॉपमध्ये उभी केली. आतले निळे ठिपके म्हणजे लोक, दारातला लाल ठिपका म्हणजे बब्रुवान. आग लागली असं धरून तिनं बटण दाबलं. दोन मिनिटं दहा सेकंदांत निळे ठिपके बाहेर. मग लाल ठिपका काढून पाहिलं. तरी दोन मिनिटं दहा सेकंदच.

"म्हणजे या जागेची गरज नाही," साहेब म्हणाले. "कॅमेरा बसवू."

बब्रुवान मागंच उभा होता. "म्या गेलो तरी कायबी फरक पडत न्हाय व्हय?"

निकितानं लॅपटॉप मिटला. बब्रुवानची मुलगी दीपमाला सोलापूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. तो विषय कुणी काढला नाही.

अहवाल पाठवण्याआधी एक खरी तालीम घ्यायची होती. गर्दी मिळावी म्हणून साहेबांनी बाजारचा दिवस धरला. भोंगा वाजला, लोक दाराकडं पळाले आणि दारातच खाली वाकले. चपला शोधायला. मागचे त्यांच्यावर आदळले.

"चपला राहू द्या, बाहेर पळा!" निकिता ओरडली.

"नव्या हायत, बाई," सीताबाई नावाची एक म्हातारी शांतपणे म्हणाली. "आग काय, इझंल. चपला कुठनं येत्याल?"

मी शिकलेला माणूस. मीही डाव्या पायातली शोधत होतो.

सात मिनिटं लागली. अंगण भरलं आणि साहेबांनी सगळे बाहेर आल्याचं जाहीर केलं. बब्रुवान मात्र उंबऱ्याकडं बघत होता. तिथं एक जोड उरला होता.

"एक मानूस आत हाय," तो म्हणाला आणि आत गेला. मागच्या खोलीत नंबराची वाट बघत बसलेल्या पंचाक्षरीअप्पांना हाताला धरून घेऊन आला. अप्पांना अजिबात ऐकू येत नाही.

"माजा नंबर आला का?" अप्पांनी विचारलं.

मी दोन्ही चपला घालून अंगणात उभा होतो. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी निकितानं लॅपटॉपमधल्या दारात चपलांचा ढीग मांडला, मागच्या खोलीत एक न हलणारा निळा ठिपका ठेवला आणि लाल ठिपका जागेवर आणला. लाल नसला की तो निळा आतच राहायचा, असला की बाहेर यायचा. साहेबांनी 'जागा कायम ठेवावी' असं लिहून सही केली.

बब्रुवाननं पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं. या वेळी निकितानं धूरही धरला. लाल ठिपक्यानं निळ्याला दारापर्यंत सोडलं, उरलेल्या खोल्या बघायला परत आत वळला आणि तिथंच थांबला. बाहेर आला नाही.

"मामा, हे नुसतं गणित आहे," निकिता घाईनं म्हणाली. "तुम्ही सगळ्यांच्या शेवटी निघता ना, म्हणून."

"पर जागा ऱ्हायली न्हवं?"

"राहिली."

"मंग दीपमालाला कळवतो," बब्रुवान म्हणाला. "ती कवा इथं आली, तर तिला ह्ये धुराचं दाखवू नगा."