काशिनाथच्या हाती सुकाणू होतं

एकाहत्तरच्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी माझी पोस्टिंग अंदमानात, नेव्हीच्या पेट्रोल बोटीवर झाली. मी एबल सीमन, म्हणजे साधा खलाशी. माझ्याबरोबरच काशिनाथ आला. मी कोन गावचा, तो नारपोलीचा. दोघे भिवंडीकडचे म्हणून बोटीवर सगळे आम्हाला भाऊच समजत. मला ते रुचत नसे.

माझा जन्म खाडीकाठचा. बाप होडीवाला. काशिनाथचा बाप कापडाच्या लूमवर शिफ्ट करायचा आणि काशिनाथ पोहायला शिकला तो नेव्हीत भरती झाल्यावर. तरी वरच्या हुद्द्याची, लीडिंग सीमनची फीत त्याला आधी मिळाली. बोटीचं सुकाणूही त्याच्याकडे गेलं. मी पुढच्या डेकवर दोर सांभाळायचो. तो बोट धक्क्याला लावताना मी चूक शोधत बसायचो. ती सापडायची नाही, म्हणून आणखी जळफळायचो.

बेटांमध्ये गस्त घालणं ही आमची ड्युटी. परवाना घेऊन शिडाच्या बोटीतून फिरणारे हौशी लोक तिथे येत. त्यांच्या नांगरलेल्या बोटींवर चोरटे मासेमार डोळा ठेवून असत. डिंगी म्हणजे बोटीबरोबरची छोटी होडी, तिचं इंजिन, डिझेलचे कॅन, जे हाताला लागेल ते उचलत. आम्ही प्रत्येक बोटीवर जाऊन बजावायचो: डिंगी पाण्यात ठेवू नका, वर ओढून साखळीने बांधा, काही गेलंच तर मागे जाऊ नका, रेडिओवर कळवा. हे सांगायचं काम काशिनाथचं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण लोक त्यालाच चहाला बसवून घेत. मी बोटीत त्याची वाट बघत बसायचो.

एका सकाळी रेडिओवर एका बाईंचा आवाज आला. त्या आणि त्यांचे यजमान, कलकत्त्याचे निवृत्त डॉक्टर, यांना आम्ही आदल्याच दिवशी बजावून आलो होतो. चोरांनी इंजिन काढून घेतलं होतं आणि डिंगी सोडून दिली होती. ती वाहत चाललेली पाहून डॉक्टर पोहत मागे गेले आणि अडकले.

आम्ही पोचलो तेव्हा ते प्रवाळाच्या एका सुळक्याला धरून होते. ओहोटीची ओढ जबर होती. आमची बोट तिथवर नेणं शक्य नव्हतं. लेफ्टनंट साहेबांनी कंबरेला दोर बांधून एकाला पाठवायचं ठरवलं. मी लाइफ जॅकेट चढवून पुढे झालो.

“सर, मैं खाड़ी का आदमी हूँ।”

“काशिनाथ जाएगा। गणपत, तुम रस्सी सँभालो।”

काशिनाथने सुकाणू दुसऱ्याकडे दिलं. मला म्हणाला, “ढील देत राहा. हात वर केला की ओढ.”

तेव्हाही माझ्या मनात आलं, शाबासकी आज पुन्हा यालाच.

तो पोचला. स्वतःचा दोर सोडून त्याने डॉक्टरांना बांधला आणि हात वर केला. आम्ही ओढलं. डॉक्टर जिवंत वर आले. काशिनाथ सुळक्याला धरून राहिला होता. मी दुसरा दोर फेकला. दोर त्याच्यापर्यंत पोचण्याआधी मोठी लाट आली. लाट ओसरली तेव्हा सुळक्यावर कोणी नव्हतं.

दुपारी तो सापडला. डोक्याला मार होता, जीव गेला होता.

सुट्टी मिळाल्यावर मी आधी नारपोलीला गेलो. गल्लीत लूम चालू होते. त्या खडखडाटात त्याची आई मला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. मी काय घडलं ते सांगितलं. ती रडली नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू खाडीवरचा हायेस. तुला पान्यातलं कलतं. माझा पोर पान्यात कसा होता?”

मी म्हणालो, “माझ्यापेक्षा चांगला होता, आई.”

असं मी तोवर कुणापाशी बोललो नव्हतो. बोलतानाही जिव्हारी लागलं. तिने जाऊन काशिनाथच्या बापाला लूमवरून बोलावून आणलं. म्हणाली, “ह्यांच्यासमोर पुन्ना सांग.”

मी पुन्हा सांगितलं.