मावशीनं बेतलेली बॅटरी

माझी मावशी शिवणकाम करते, आणि जगातली प्रत्येक गोष्ट तिला आधी कापडासारखी दिसते. नवीन माणूस भेटला की नाव नंतर, खांद्याचं माप आधी. ती आणि काका दर सुट्टीत गाडीमागे ट्रेलर जोडून भटकायला जायचे. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोलीच. पलंग, शेगडी, आणि पलंगाखालच्या पेटीत दोन बॅटऱ्या. आतले दिवे, पंखा आणि काकांचं श्वासाचं यंत्र, सगळा संसार त्यांच्या जिवावर.

काकांचा झोपेत श्वास अडकतो, म्हणून नाकावर मास्क लावून ते यंत्र रात्रभर चालवावं लागतं. मागच्या सहलीत म्हाताऱ्या बॅटऱ्यांनी मध्येच मान टाकली. काका गुदमरून उठले, आणि मावशी उजाडेपर्यंत त्यांच्या छातीवर हात ठेवून बसली. घरी येताच काकांनी फर्मान काढलं, ट्रेलर विकायचा. माझ्या नाकापायी तुझ्या जिवाला घोर नको, म्हणाले. गिऱ्हाईकही ठरवून टाकलं. ते रविवारी दुपारी यायचं होतं.

मावशीनं पदर खोचला आणि मला बॅटरीच्या दुकानात ओढत नेलं. तिथे ती प्रत्येक बॅटरीवरून बोटं फिरवून पोत बघत होती. दुकानदार बिचारा हसू दाबत समजावत राहिला. जुन्या पद्धतीची बॅटरी जेमतेम अर्धी वापरायची, त्याखाली उतरवली की ती लवकर खराब होते. लिथियमची जवळजवळ पूर्ण वापरता येते, वजनालाही हलकी, फक्त चार्जर तिच्या जोडीचा लागतो.

"म्हणजे जुनीचं अर्धं कापड चिंध्यांतच जाणार," मावशी म्हणाली. जुनी तिथल्या तिथे बाद.

रात्रभर पुरेल अशी लिथियमची एक मोठी बॅटरी तिच्या मनात भरली. प्रश्न एवढाच, की ती पलंगाखालच्या पेटीत मावेल का? मी म्हटलं, आकडे ताडून बघू. पण अंगात घालून बघितल्याशिवाय मावशी कशालाच हो म्हणत नाही. घरी येऊन तिनं दुकानदारानं दिलेल्या मापाचा पुठ्ठा बेतला, कापला, चिकटपट्टीनं जोडला आणि हुबेहूब बॅटरी तयार केली. हौसेनं वर कापडी मूठही लावली.

ती पेटीत जाईना. आडवी घातली, उभी घातली, शेवटी मावशी स्वतः तिच्यावर बसली. मी पोट धरून हसत होतो. मग बघतो तर मावशी पायरीवर बसून डोळे पुसत होती.

"आता खरंच विकावा लागणार रे," ती म्हणाली. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

काका चहाचे कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी कप ठेवले, पुठ्ठ्याची बॅटरी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला.

"अगं, शिलाईची जागा सोडलीस का याला?"

मावशीनं टेप लावून पाहिली. चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच जास्त! इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप सरकला होता. आता बॅटरीला काय कोणी टीप मारणार होतं? मावशी दाराला धरून खदखदून हसायला लागली. काका तर इतके हसले, की यंत्र भरदिवसा लावावं लागतंय की काय, असं मला वाटलं.

"म्हणजे तुम्हालाही जायचंय," हसता हसता मावशी एकदम म्हणाली.

"मी फक्त माप बघितलं," काका म्हणाले, आणि चहात बघत राहिले.

शनिवारी खरी बॅटरी आणि चार्जर बसवला. बॅटरी पेटीत अशी बसली, की मावशीनं पलंगाखाली वाकून तिला दोनदा कौतुकानं पाहिलं. रात्री काका ट्रेलरमध्ये झोपले. सकाळी यंत्र चालूच. जेवण झाल्यावर, अजून थोडी परीक्षा घेतो म्हणून, काका पुन्हा मास्क लावून आडवे झाले. आत दिवे आणि पंखाही चालू होते.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. दारावर टकटक करायला त्यानं हात उचलला, तो मावशीनं वरच्या वर धरला.

"हळू. आत आमचे हे झोपलेत."

त्यानं कुजबुजत विचारलं, मग ट्रेलर कधी बघायचा? तो आता विकायचा नाही, असं मावशीनं तितक्याच हळू सांगितलं. बिचारा रिकाम्या हातानं निघाला, तर त्याला थांबवून म्हणाली, उजवा खांदा उतरता आहे तुमचा, शर्ट आणून द्या, नीट करून देईन.

मग ती खिडकीला कान लावून उभी राहिली. आत यंत्र गुणगुणत होतं, आणि त्याच्या तालावर काकांचा श्वास न अडकता चालला होता.