राणीची दुसरी सोंगटी

अंतोन गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं. "अंकल, डॅडी गेले..." त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. ती सोंगटी आता कुणाकडे असेल?

नव्वदच्या दशकात मस्कतला दार्सैतच्या एका खोलीत आम्ही सहा वर्षं काढली. मी एका कंपनीत स्टोअरकीपर, तो फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतार. गावी, वसईला, बापाबरोबर चर्चसाठी संतांचे पुतळे कोरायचा आणि इथे अर्बाबासाठी, म्हणजे अरबी मालकासाठी, सोफ्यांचे पाय करायचा. शुक्रवारी मासे तोच रांधायचा. मी घाटावरचा, मला काटे काढता येत नाहीत म्हणून काढून वाढायचा.

एकदा मदिनत सुलतान काबूस या मस्कतच्या श्रीमंत वस्तीत एका युरोपियन बाईंचं कपाट दुरुस्त करायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या घराण्यातला जुना पट दाखवला. चार-साडेचारशे वर्षांपूर्वी तिकडचे सरदार खेळत तसला. त्याच्या सोंगट्या म्हणजे लाकडाच्या गोल चकत्या, आणि प्रत्येकीवर एका राजाचा किंवा राणीचा बाजूने दिसणारा चेहरा कोरलेला. दोन हरवल्या होत्या. बाईंनी नमुन्याला तीन जुन्या सोंगट्या दिल्या, हरवलेल्यांची चित्रं दिली आणि म्हणाल्या, हे जमलं तर माझ्या ओळखीच्यांकडे असलं पुष्कळ काम आहे. अंतोन खोलीवर आला तो हसतच. "सुधीर, बघ ही राणी. नाकात काय तोरा आहे बघ!"

मी मात्र दुसरंच बघत होतो. नवं लाकूड तो चहाच्या पाण्यात बुडवायचा, मेण चोळायचा, कडा झिजवायचा. दोन दिवसांत सोंगटी शंभर वर्षांची दिसायला लागायची. एवढं येतं तो माणूस काय काय करू शकेल, असं मला वाटायला लागलं. एका दुपारी तो कामावर असताना मी त्याची पेटी उघडली. कपड्यांखाली राणी होती. बाईंची राणी तर टेबलावर फडक्यात गुंडाळलेली! दोन्हींतली जुनी कुठली, मला कळेना. बाहेर पावलं वाजली, तशी मी ती घाईने परत ठेवली.

पुढच्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. अंतोन नव्हता. "तुम्ही एकत्र राहता. माणूस भरवशाचा आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मला काय माहीत..."

दोन दिवसांनी त्यांचा ड्रायव्हर येऊन सगळं घेऊन गेला. का, ते अंतोनला कधीच कळलं नाही. आपलंच काम कमी पडलं, असं धरून तो बसला. पुढे सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला. तिथे माल पाठवायच्या खोक्यांना खिळे ठोकायचं काम होतं. परत कोरणी हातात धरली नाही. बाईंकडे गेली ती खोटी राणी, असं मात्र मी इतकी वर्षं मनात धरून होतो.

मागच्या महिन्यात वसईला गेलो. अंतोनच्या बायकोच्या, रोझीवहिनींच्या, शोकेसमध्ये ती राणी होती. मी मागितली, त्यांनी काढून दिली. मी पहिल्यांदाच ती उलटी केली. पाठीवर देवनागरीत कोरलं होतं : अंतोन, दार्सैत.

"हात बसवायला केलेली," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही पेटी उघडलेली ते त्यांना कळलं होतं. कपड्यांची घडी मोडलेली होती ना. हसायचे. म्हणायचे, विचारलं असतं तर दाखवली असती की."

मग मला राहवेना. फोनचं सगळं सांगून टाकलं... बाईंनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं.

"हे त्यांना माहीत नव्हतं," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या हातातली सोंगटी काढून घेऊन त्यांनी ती शोकेसमध्ये ठेवली.