पश्चिमेच्या काचा

कामावर तिला सगळे नकाशाबाई म्हणायचे आणि तिला ते मनापासून आवडायचं. भिंतीच्या पोटातून पाइप कुठून गेलाय, कुठल्या खोलीला कुठलं दार, काहीही अडलं की गवंड्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांची गाडी तिच्या टेबलापाशी येऊन थांबायची. कारण अख्खी इमारत तिच्या कॉम्प्युटरात उभी होती. नुसतं चित्र नव्हे हो! खिडकीवर क्लिक केलं की काच कुठली, जाडी किती, ऊन किती आत सोडते, सगळं समोर यायचं. कारखान्याकडे मागणी जायची तीसुद्धा त्यातूनच. "माझ्या पडद्यावर जे आहे तेच जागेवर आहे," असं ती नाक वर करून सांगायची. माणसानं एवढं नाक वर करू नये, पण ती करायची खरी.

इमारतही साधीसुधी नव्हती. निवृत्त लोकांसाठी भाड्याची घरं, आणि विजेचा खर्च कमीत कमी. एसी लावायची गरजच पडू नये अशी तिची रचना. एक विंग पूर्वेला, एक पश्चिमेला, आरशात पाहिल्यासारख्या सारख्या. उद्घाटनाला भाषणं झाली, फोटो निघाले, आणि सोडतीत नकाशाबाईच्या सख्ख्या मावशीला पश्चिमेच्या विंगेत घर लागलं.

मावशीनं जन्मभर शिवणकाम केलेलं. तोंडानं फटकळ, कुणाची भीडभाड नाही, पण भाचीच्या बाबतीत आंधळी. जिन्यात भेटेल त्याला सांगायची, "ही बिल्डिंग आमच्या चिमीनं बांधलीय."

"मावशी, मी नाही गं बांधली. मी फक्त तिची माहिती सांभाळते."

"तेच ते! तू सांभाळलं नसतंस तर त्यांना वीट तरी सापडली असती का?"

मग उन्हाळा आला. प्रत्येक घरात भिंतीवर एक छोटी डबी होती, ती खोलीतली उष्णता ऑफिसला कळवायची. पूर्वेच्या डब्या शहाण्यासारख्या गप्प होत्या. पश्चिमेच्या डब्या दुपार झाली की बोंब मारायच्या. साहेबांनी विचारलं, असं का? नकाशाबाईनं बांधकामाच्या वेळी केलेला उष्णतेचा हिशेब उघडून पाहिला. हिशेब म्हणत होता, खोल्या गार राहतील. आता हिशेब बरोबर, इमारत बरोबर, मग चुकतंय कोण? राहणारेच! तिनं सरळ लिहून टाकलं की रहिवासी भर उन्हात खिडक्या उघड्या टाकतात. साहेबांना ते लगेच पटलं. लोकांवर ढकललेलं सगळ्यांनाच लवकर पटतं.

झालं, नोटीस लागली. दुपारभर खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि बाहेरून काही टांगायचं नाही, इमारतीची शोभा जाते. शिवाय रहिवाशांसाठी एक वर्ग ठेवला, खिडकी कशी वापरावी ते शिकवायला. शिकवणार कोण? नकाशाबाई.

मावशीच्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचे. त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांनी खिडकीच्या बाहेरून जाड चादर बांधली होती. मावशीनं तावातावानं जाऊन ती काढायला लावली. "माझ्या भाचीच्या इमारतीला लक्तरं लावता? लाज नाही वाटत?" काकांनी मुकाट्यानं चादर काढली. पुढच्याच आठवड्यात त्यांची बायको लेकीकडे राहायला गेली. तिला इथं उकाड्यानं चक्कर यायची.

वर्गाचं सांगायला नकाशाबाई एका दुपारी मावशीकडे गेली. खिडक्या घट्ट बंद, पडदे ओढलेले, नोटिशीत लिहिलं होतं तस्संच. आणि मावशी मानेवर ओला पंचा टाकून न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेली. चेहरा लालबुंद.

"अगं, इथं काय बसलीस?"

"इथली फरशी बरी लागते गं. माझंच काहीतरी बिघडलंय बघ. घर गारच आहे, मलाच सोसत नाही. डॉक्टरकडे जाऊन आले, रक्तसुद्धा तपासलं. काही निघालं नाही."

नकाशाबाईनं पडदा सारला. काचेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग ती वाकली. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कारखान्याचा बारीक शिक्का असतो, काच कुठल्या जातीची ते सांगणारा. ऊन अडवणाऱ्या काचेचा शिक्का तिला डोळे मिटून ओळखता आला असता. तो तिथं नव्हता. ती साधी काच होती.

"काय बघतेस गं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही. डाग होता."

ऑफिसात येऊन तिनं नकाशाच्या जुन्या प्रती उघडल्या आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. बांधकाम चालू असताना स्वयंपाकघराचा ओटा हलवायचा ठरला होता. तिनं पडद्यावर पूर्वेची विंग दुरुस्त केली. पश्चिमेची पुन्हा कोण करत बसणार? पूर्वेचीच उलटवून पश्चिमेवर बसवली. आहे काय त्यात, दोन्ही सारख्याच तर! पण ओट्याबरोबर खिडक्याही आल्या. पूर्वेचं ऊन सकाळचं, म्हणून तिथं साधी काच. पश्चिमेला ऊन अडवणारी काच आणि बाहेरून फळ्यांची झापं होती, ती सगळी पुसली गेली. कारखान्यानं मागणीप्रमाणे काचा धाडल्या. हिशेब मात्र त्याआधीचा. तो तिनं पुन्हा काढायला हवा होता. तिचंच काम होतं ते, दुसऱ्या कुणाचं नव्हे.

आता सांगायचं की नाही? सांगितलं तर नाव जाणार, साहेब उभं सोलणार, कदाचित नोकरीही जाईल. पण खरं सांगायचं तर तिला साहेबांची एवढी धास्ती नव्हती. मावशीला कुठल्या तोंडानं सांगायचं, इथं तिची जीभ अडत होती. म्हणून ती गप्प बसली. रोज ठरवायची आणि रोज गिळायची. वर्गाचा दिवस उजाडला तरी ती गप्पच.

तळमजल्यावरच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. मावशी पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. नकाशाबाईनं भिंतीवर चित्रं दाखवत बोलायला सुरुवात केली. खिडकी केव्हा लावायची, केव्हा उघडायची. पिकल्या केसांची माणसं शाळेतल्यासारखी ऐकत होती. प्रत्येक वाक्यासरशी तिला स्वतःचीच किळस येत होती.

ड्रायव्हरकाका उठले. "बाई, खिडकी लावली, पडदा ओढला, तरी खोली तापतेच. आता आम्हीच बाहेर लटकायचं का काचेपुढे?"

सगळे हसले. मावशी ताडकन उभी राहिली.

"कुणाशी बोलताय कळतंय का? या इमारतीची वीट न् वीट माहीत आहे तिला! मी सगळं पाळते, माझी काही तक्रार आहे? तुम्हालाच शिस्त नको. उगाच पोरीच्या कामाला नावं ठेवायची!" आणि भाचीकडे वळून, "तू सांग गं. यांचं कुठं चुकतंय ते सांग एकदा."

नकाशाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं हातातला रिमोट टेबलावर ठेवला.

"त्यांचं काही चुकत नाही," ती म्हणाली. "कुणाचंच चुकलं नाही. पश्चिमेच्या काचा चुकीच्या आहेत. माझ्या हातून झालंय. मला कळलं होतं, तरी मी आज तुम्हाला शिकवायला उभी राहिले."

मग तिनं ओट्यापासून काचेपर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनाही आजच सांगते म्हणाली.

मावशी अजून उभीच होती. "म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही मावशी."

मावशीनं मान हलवली. भाचीकडे न बघता ती ड्रायव्हरकाकांपुढे जाऊन उभी राहिली. जन्मात कुणापुढे न नमलेली ती बाई, तिनं हात जोडले.

"चुकलं माझं. चादर काढायला लावली मी तुमची. वहिनींना माझ्यामुळं जावं लागलं."

"अहो, तुमचा काय दोष त्यात," काका ओशाळून म्हणाले.

"चला, आत्ता बांधू. ऊन यायच्या आत. माझ्याकडं मजबूत नाडी आहे. एक टोक तुम्ही धरा, एक मी धरते."

नकाशाबाई लगबगीनं पुढे झाली. "थांब, मी येते. मी धरते."

"तू राहू दे," मावशी म्हणाली आणि जिना चढायला लागली.