शुक्रवारची चव

कोल्हापुरात मटण सोडायला सोमवार आहे, गुरुवार आहे, शनिवार आहे. शुक्रवारी सोडलं तर लोक तब्येतीची चौकशी करतात. मोनाबाई मात्र उपवासकाळातले, म्हणजे ईस्टरच्या आधीचे, सगळे शुक्रवार सोडायची, आणि तेही शाहूपुरीतल्या एका मटणाच्या खानावळीत शेगडीपुढं उभी राहून. बाप्तिस्म्याचं नाव मोनिका, पण कामाच्या घाईत एवढं लांब नाव कोण घेणार. ख्रिस्ती म्हटल्यावर एखादं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, तुम्ही गोव्याच्या का? ती म्हणायची, "न्हाय पावणं, शिरोळची. आज्ज्यापास्नं हितंच हाय की."

तिचा नियम सरळ होता. जिभेला लागलं म्हणजे खाल्लं. त्यामुळं त्या शुक्रवारी रश्शाची चव शालूबाई बघायची. शालूबाई तिची जोडीदारीण, वयानं थोडी मोठी. तिचा रविवार जोतिबाचा. त्या दिवशी ती मटणाला तोंड लावायची नाही, मग चर्चमधली मिस्सा आटोपून धापा टाकत आलेली मोनाबाई आधी पळी हातात घ्यायची. अशी दोघींनी आपापली जीभ एकमेकींना उसनी दिलेली होती. देवांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, गिऱ्हाइकांनीही नाही.

मालक उदयसिंह तर गल्ल्यावरून सांगायचा, "आमची मोनाबाई शुक्रवारी जिभेला लावत न्हाय, तरी रस्सा बघा." मोनाबाई तोंड शेगडीकडं वळवायची, पण कान बाहेरच ठेवायची. उपवासात भूक लागते तशी उपवासाच्या कौतुकाचीही लागते. ती मात्र कोणी पापात मोजत नाही.

यंदा उपवासकाळातल्या पहिल्याच शुक्रवारी घोटाळा झाला. पांढऱ्या रश्शात लपवाछपवी चालत नाही, मीठ चुकलं की चुकलं. शालूबाईनं मीठ घातलं, चव बघितली, मान हलवली आणि भाकरी थापायला गेली. मोनाबाईनं खोबऱ्याचं दूध ओतलं, आणि हात सवयीनं मिठाच्या डब्यात गेला. चाखायचं नव्हतंच. मीठ पडलं, पातेलं ढवळलं गेलं, वाट्या बाहेर गेल्या.

जयसिंगपूरच्या व्यापाऱ्यांची पंगत बसली होती. वाट्या जशा गेल्या तशा परत आल्या. उदयसिंह आत आला.

"आज चव कुणी बघितली?"

मोनाबाईला तेव्हाच सगळं उमगलं. तोंड उघडायला एवढासा वेळ होता. पण तेवढ्यात तिच्या मनात आलं, न चाखता रस्सा करणारी मोनाबाई, म्हणून हसतील. शालूबाईच पुढं झाली.

"मीच बघितली, मालक. मला तर बराबर लागला."

"मग जिभेला काय झालंय तुमच्या?"

शालूबाई परत भाकरीच्या परातीकडं वळली. त्या दिवसापासून तिनं चव बघणं सोडलं. शुक्रवारी एका वाढप्याला पळी देऊ लागले, आणि त्या बिचाऱ्याला सगळंच झकास लागायचं. शालूबाई भाकरी थापताना एकदा हळूच म्हणाली, "वय झालं बघ मोना. जिभंचा भरवसा न्हाय आता. पाडवा झाला की काम सोडती." मोनाबाई कांदा चिरत राहिली. डोळ्यांत पाणी आलं, त्याला कांद्याचं निमित्त होतं.

दर रविवारी मिस्सेच्या सुरुवातीला सगळे छातीवर हात मारून कबूल करतात की आमच्याकडून पाप घडलं, विचारानं, शब्दानं, कृतीनं आणि करायचं ते न केल्यानं. इतकी वर्षं मोनाबाईच्या तोंडून ते शेवटचे शब्द पाढ्यासारखे निघून जायचे. त्या रविवारी ती त्या शब्दांपाशी थांबली. मटण सोडणं किती सोपं होतं, असं तिला वाटलं. मटण सोडलं तर चारचौघांत नाव होतं. हे सांगितलं तर आहे तेवढंही जाणार.

ती पापकबुलीला गेली. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "मला सांगितलंस, बरं केलंस. शालूबाईंना कधी सांगणार?" मोनाबाई परतताना वाटभर देवावर रुसली. देवाला सांगणं ठीक आहे, त्याला कुठं कोणी जिभेवरून बोललं होतं?

पुढच्या शुक्रवारी पातेलं उकळायला लागलं तशी तिनं उदयसिंहाला आत बोलावलं. वाढपीही मागून डोकावले.

"मालक, त्या दिवशी मीठ दोनदा पडलं. शालूनं घातल्यालं बराबर हुतं. वरनं मी घातलं. तिची जीभ बरी हाय."

"मग तवाच का सांगितलं न्हाईसा?"

"लाज वाटली."

उदयसिंह शालूबाईकडं बघून काहीतरी पुटपुटला आणि बाहेर गेला. शालूबाई भाकरी थापतच होती. एक भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "घरात ताट पुढं आलं तरी मी पोरीला इचारायची, बाई, मीठ हाय का बघ. मला वाटायचं माझी जीभ मेली. आणि तुला ठावं हुतं."

"व्हय," मोनाबाई म्हणाली. "चुकलं माझं." पुढं जोडायला तिच्याकडं काही कारणं होती, पण ती तिनं गिळली.

शालूबाईनं परातीतलं पीठ संपेपर्यंत तिच्याकडं बघितलं नाही. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली, तशी ती उठली, हात धुतले, वाढप्याच्या हातातली पळी काढून घेतली. रश्शाचे चार थेंब तळहातावर घेऊन चाटले आणि डोळे मिटले.

"कमी हाय," शालूबाई म्हणाली.

तिनं स्वतः मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. मग मिठाचा डबा उचलून आपल्या बाजूला, मोनाबाईचा हात पोचणार नाही असा ठेवला.

"शुक्रवारी ह्याला हात लावायचा न्हाय तू. आणि परवा मिस्सा झाली की रेंगाळू नगंस, नीट हिकडं ये. माझा रविवार असतोय."