नावासकट भिंत

मी ज्या वाचनालयात काम करते तिथं दर सप्टेंबरात गावोगावच्या लोकांच्या कलेचं प्रदर्शन भरतं. टेबलं भिंतीला लावायची, जुनी वर्तमानपत्रं कपाटावर ढकलायची, आणि टोपल्या, गवताच्या टोप्या, मण्यांच्या माळा, शाळेतल्या पोरांनी रंगवलेले मालुतीचे डोंगर, जे येईल ते मांडायचं. पहिलं बक्षीस लोकरीचं ब्लँकेट. गेल्या खेपेला ते राजधानीहून, मासेरूहून आलेल्या एका फोटोवाल्या तरुणानं नेलं. फोटो होता घराच्या भिंतीचा. तांबड्या मातीत ओढलेल्या रेघा, रेघांची चार पाकळ्यांची फुलं, कडेला काळा पट्टा. खाली चिठ्ठी : ‘भिंत, हा-सेतोरो गाव’. आणि त्याचं नाव.

मोठ्या बाईला आम्ही म्मे म्हणतो, पुरुषाला न्ताते. म्मे माकेलेत्सो गिरणीतून मक्याचं पीठ घेऊन जाताना आत डोकावली. डोक्यावरचं पोतं तिनं खाली ठेवलंच नाही. फोटोसमोर उभी राहून मला म्हणाली, "पुलाने, ही माझी भिंत हाय."

"हो का, म्मे? छान आलीय."

"छान आलीय ती मी काढली म्हणून. माझं नाव कुठाय?"

मी चिठ्ठी वाचून दाखवली. तिला खात्री पटेना. बोट लावून एकेक अक्षर तिनं स्वतः वाचलं आणि पोत्यासकट निघून गेली.

ती साठीला टेकलेली. नवरा सीमेपलीकडच्या खाणीत होता, छातीत धूळ भरून घरी आला आणि दोन हिवाळे काढून गेला. लग्न होऊन आली त्या दिवशी सासरच्यांनी तिला नाव दिलं, अजून पोटातही नसलेल्या लेकराची आई म्हणून. आमच्याकडे सगळ्याच बायकांचं असं होतं, त्याचं तिला काही नाही. तिला सल होता तो दुसराच. अकरा वर्षं ती सासूच्या घराची भिंत सारवत होती, जेवायच्या काट्यानं फुलं ओढत होती, आणि येणारे-जाणारे म्हणत होते, सासूबाईंचा हात काय आहे बघा. रीतच तशी. सारवायला दहा बायका असोत, भिंत घरच्या बाईची. सासू गेली, घर हिचं झालं, तेव्हा कुठं भिंत हिची झाली. आणि मग तो फोटोवाला आला.

यंदा ऑगस्टातच ती ग्रंथपालांसमोर येऊन बसली. न्ताते लेबुसा माणूस भला, पण नियमाबाहेर पाऊल टाकताना त्यांना घाम फुटतो.

"मला नाव लिवून भिंत मांडायचीय."

"म्मे, भिंत कशी आणणार? खिळ्याला टांगता येईल असं काहीतरी आणा."

तिनं आणलं. घराच्या जुन्या दाराची फळी काढली, तिच्यावर शेणमाती लिंपली, वर फुलं काढली, आणि फळी मांडीवर उभी धरून टॅक्सीनं आली. आमचा रस्ता म्हणजे काय ते सांगायला नको. वाचनालयाच्या दारात उतरली तेव्हा तिच्या हातात नुसती फळी होती. गिलावा सगळा टॅक्सीत. ड्रायव्हरनं तिच्याकडून झाडून घेतलं तेव्हा सोडलं.

"भिंत पानी पिते," ती मला म्हणाली. "फळी पीत न्हाई. तीस वर्सं हेच करतीय, मला कळाय पायजे हुतं." फळी तिनं लेबुसांच्या टेबलाला टेकवून ठेवली. "न्ताते, आता मला भिंतच द्या."

"भिंती सरकारी आहेत. वर ऑइलपेंट आहे. जिल्ह्याला लिहावं लागेल."

"लिवा. मी बसते."

ती खरंच बसली. दुपारी पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि भाजी काढून तिथंच जेवली. तीनच्या सुमाराला लेबुसांनी मालमत्तेचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली आले आणि थांबले. मागची कोळशाची खोली त्यात नव्हतीच. कच्च्या विटांची, वाचनालयाच्याही आधीची. टॅक्सीतळाकडे जाणारी पायवाट तिच्या अंगावरूनच जाते.

"ती मी बघितलीच नाही असं समजा," ते म्हणाले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी हा-सेतोरोच्या पाच बायका शेणाच्या बादल्या घेऊन उतरल्या. पुढं मादिनेओ, माकेलेत्सोची शेजारीण आणि जन्माची टोचणी.

"बघा गं, आमची माकेलेत्सो आता पुस्तकात जानार," ती म्हणाली. "आमाला वळकती का बघा उद्यापास्नं."

"आदी बादली उचल, मग वळखते."

भिंत भिजवली, तळव्यांनी लिंपली. अकरा वाजेतो गुळगुळीत ओली भिंत उभी राहिली. माकेलेत्सोनं कमरेचा काटा काढला, आणि मादिनेओ आडवी आली.

"थांब. हे घर कुनाचं?"

"वाचनालयाचं."

"वाचनालय काय बाई हाय? घरच्या बाईनं पयली रेघ वढायची. घरची बाई कोन?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. न्ताते लेबुसा पुरुष. राहिले मी एकटी. मादिनेओ चेष्टा करत नव्हती. बाकीच्यांनी हात पुसले आणि त्या जमिनीवर बसल्या. ऊन चढत होतं, कडेनं गिलाव्याचा रंग फिका पडायला लागला होता. वाळलेल्या गिलाव्यात काटा चालत नाही.

माकेलेत्सोचं तोंड मी बघितलं. मी रेघ ओढली तर रीतीप्रमाणे भिंत माझी. पुन्हा दुसऱ्याच्या नावची फुलं.

"पुलाने," ती म्हणाली, "तुला येतं?"

"नाही, म्मे. मी सिमेंटच्या घरात वाढले."

"मग मी सांगते तसं बोल. ह्यांच्यासमोर. मोठ्यानं. ही भिंत मी माकेलेत्सोला दिली."

"घराची भिंत वायली देता येती व्हय?" मादिनेओ म्हणाली. "कुनी दिलीय कवा?"

"कुनी मागितलीय कवा?" माकेलेत्सो म्हणाली. "सासूकडं मी अकरा वर्सं मागितली न्हाई. ती चूक माझी. आज मागतीय."

मी उभी राहिले. मोठ्यानं बोलले. या घरात मी बाई आहे, आणि ही भिंत मी म्मे माकेलेत्सोला दिली. तिची म्हणून दिली.

मादिनेओनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बादलीतलं पाणी ओंजळीनं भिंतीच्या वाळत्या कडेवर शिंपडलं. "वढ की मग," ती म्हणाली. "का वाळल्यावर वढनार हाईस?"

माकेलेत्सो दोन तास थांबली नाही. काटा कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा जायचा, मधेच दिशा बदलायचा, आणि चार चौकटी मिळून एक फूल उमलायचं. बायका तिच्या मागोमाग पांढरी माती भरत होत्या. न्ताते लेबुसा टंकलेली चिठ्ठी आणि चिकटपट्टी घेऊन आले. चिठ्ठी दोनदा लावली, दोनदा गळून पडली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. सगळ्यात मधल्या फुलात, पाकळ्या मिळतात तिथं, तिनं काट्याच्या एका दातानं अक्षरं कोरली. मोठी, वाकडी. शेवटचं अक्षर पाकळीत घुसलं.

"असं कुनी लिवतं का भिंतीवर," मादिनेओ पुटपुटली. "सगळं फूल नासलं."

"नासू दे."

ब्लँकेट तिला मिळालं नाही. परीक्षक टांगलेल्या वस्तूच बघत होते, मागं कुणी गेलंच नाही. तो फोटोवाला मात्र गेला. मी खिडकीतून बघत होते. कॅमेरा डोळ्याला लावून तो डावीकडून वाकला, उजवीकडून वाकला, दगडावर चढला, गुडघ्यावर बसला. कुठूनही बघितलं तरी नाव मधोमध. शेवटी तो भिंतीच्या सावलीत मोतोहोच्या आंबट पेजेचा मग घेऊन बसलेल्या माकेलेत्सोकडे वळला.

"म्मे, ही भिंत कुणाची?"

ती मगातून तोंड न काढता म्हणाली, "शाळा शिकलाईस न्हवं? वाच की."