कालवडींचा स्वभाव मोजायला गेले तेव्हा

परदेशात, पॉइंट कुकच्या आमच्या घरात बसून गुरांचे आकडे जुळवायला मला कधी भीती वाटली नाही. तीन-चार जातींच्या मिश्रणातून तयार केलेली ही मांसासाठी पाळलेली गुरं. त्यातल्या कुठल्या वळूची वासरं शांत निघतील, याचा अंदाज बांधणं हे माझं काम. तापट स्वभाव बापाकडून आला की जातीकडून, हे मी कॉम्प्युटरवर आरामात वेगळं काढते. बाकी पुण्यात वाढलेली मी. गाय मला दुधाच्या पिशवीवरच्या चित्रापुरतीच ठाऊक.

त्या दिवशी मात्र कालवडींच्या स्वभावाची परीक्षा घ्यायला फार्मवर जावं लागलं. परीक्षा साधी असते. कालवडीसोबत एक माणूस कठडा घातलेल्या यार्डात उतरतो, तिला कोपऱ्यात थोपवून धरायला बघतो आणि बाहेरचा दुसरा तिच्या वागण्याला गुण देतो. उतरणारा सगळ्यांना एकच हवा, नाहीतर कालवड बिचकली ती स्वभावाने की नव्या माणसामुळे, कळत नाही. हा आग्रह माझाच. नेहमीच्या गड्याचा पाय मोडलेला, फार्मच्या मालकीणबाईंचे गुडघे गेलेले. त्या म्हणाल्या, "मग तूच उतर. नो वरीज, गरीब आहेत सगळ्या."

मला दिवस गेले होते. नवरा सोडून कुणालाच माहीत नव्हतं, आईलासुद्धा नाही. आमच्याकडे पहिले तीन महिने सांगत नाहीतच, पण खरं कारण वेगळं होतं. मागच्या वेळी मी आनंदाने सगळ्यांना फोन केले होते, आणि मग एकेकाला परत फोन करून सांगितलं होतं, की गेलं. ते पुन्हा करायची ताकद नव्हती. म्हणून मूग गिळून यार्डात उतरले. कसला हा शहाणपणा, आज लिहितानाही स्वतःचा राग येतो.

पहिल्या दोघी खरंच गरीब निघाल्या. तिसरी तांबडी. आली तीच मान वर करून, डोळे फिरवत. हात पसरून तिला अडवायचं सोडून मी ते पोटावर धरले. ती फुरफुरली आणि सरळ अंगावर आली. कठड्यावर कशी चढले, आठवत नाही. पलीकडे उतरताना पाय सटकला आणि कमरेवर आपटले.

मालकीणबाई हसत आल्या. मी जमिनीवरूनच म्हटलं, "मी प्रेग्नंट आहे."

त्यांचं हसू गेलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दंडाला धरून त्यांनी मला घरात नेलं आणि बाथरूमचं दार उघडून दिलं. आत जाऊन काय बघायचं, ते बोलावं लागलं नाही.

कडी लावली आणि नुसती उभी राहिले. पँटचं बटण सुटेना. खरं तर सोडायचंच नव्हतं. बघितलं नाही तोवर सगळं ठीक आहे, असं धरून चालता येत होतं.

शेवटी बघितलं. रक्त नव्हतं. पुन्हा बघितलं. नव्हतं. तरी खात्री पटेना, कारण मागच्या वेळीसुद्धा पहिल्या दिवशी काही नव्हतं.

तिथेच बसून आईला फोन लावला. "आई, मला दिवस गेलेत," मी म्हटलं, "आणि मला फार भीती वाटतेय."

आई म्हणाली, "इतके दिवस एकटीच घाबरत होतीस होय गं?"